ग्रेडिंगला सांगा, काट्याला सांगा

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईच्या केसांत रुईची तुसं अडकतात. घरी येऊन कितीही झटका, दोन-चार राहतातच. किस्स्यांचंही तसंच! सेलूजवळच्या आमच्या जिनिंगच्या ऑफिसात मी बिलं करते. बोलते कमी. आणि कमी बोलणाऱ्याजवळ किस्से जास्त साठतात, कारण लोक त्याच्यासमोर बिनधास्त भांडतात.

भांडणारे मुख्य दोघं. रेणुका आमची ग्रेडर. गाडीतला कापूस आतून उपसून बघायचा, त्यात मॉइश्चर मीटरच्या सुया खुपसायच्या आणि ओलावा जास्त निघाला की "वाळवून आणा" म्हणून गाडी परत पाठवायची, हे तिचं काम. गजानन वजनकाट्यावर. रांग वाढली की हा पठ्ठ्या रेणुकानं तपासायच्या आधीच गाडी काट्यावर घ्यायचा. त्यावरून एकदा जी वाजली, ती वाजलीच. दोघांनी बोलणं सोडलं. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. मधलं टेबल माझं ना!

"वहिनी, ग्रेडिंगला सांगा, पिकअप खोळंबलाय."

"वहिनी, काट्याला सांगा, खोळंबू द्या."

दोघांत अंतर किती? मी बसल्या जागी हात पसरले तर दोघांनाही एकेक चापट देता येईल, एवढं!

* * *

या आगीत तेल ओतलं सुमनताईंनी. ताई गेटवर गाड्यांची नोंद ठेवतात आणि डब्याच्या सुट्टीत मोबाइलवर कादंबऱ्या वाचतात. सगळ्या एकाच वाणाच्या. हिरो-हिरॉईन एकाच ऑफिसात, एकमेकांचे पक्के वैरी, आणि शेवटी लग्न!

"पहिल्याच पानावर तिच्या हातची कॉफी त्याच्या शर्टावर सांडती," ताईंनी समजावलं. "सांडली की समजायचं, ह्यांचं जमणार."

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून शेठच्या शर्टावर अख्खा चहा सांडला. शेठनी शर्टाकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"कप तर न्हाई ना फुटला?"

ताई हळहळल्या. "तुझं लग्न झालंय ना, म्हणून."

"ताई, शेठ सत्तरीचे आहेत!"

"तेबी हायच म्हणा."

* * *

रेणुकाला या कादंबऱ्यांचा भारी तिटकारा. एकदा म्हणाली, "शेवट पहिल्याच पानावर कळतो, तर बाकीची पानं वाचता कशाला?"

"कणीक मळतानाच कळतं की पोळ्या होणार. म्हणून खात न्हाईस का?" ताई म्हणाल्या. "आन् खरं सांगू? भांडणारा माणूस बारीक बघतो गं. आमच्या ह्यांनी इतक्या वर्षांत माझ्याशी एक भांडण केलं न्हाई. मला वाटायचं, किती गुणाचा माणूस! मागून कळलं, त्यांचं लक्षच नसतंय."

तेवढ्यात काट्यावरून आवाज आला. "वहिनी, ग्रेडिंगला सांगा, मीटरचे सेल उतरलेत. सकाळपासून नुसतं आपटायलीय त्याला!"

रेणुकानं मीटर उघडून बघितलं. सेल उतरलेच होते.

ताईंनी लोणच्याची अजून एक फोड घेतली.

* * *

ताईंच्या बोलण्याचा मी जरा धसकाच घेतला. माझं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. नवरा येलदरीला नोकरीला, रोज जीपनं ये-जा करतो. स्वभावानं गायीसारखा. आमच्यात वैर म्हणून नाहीच! एका संध्याकाळी मुद्दाम कुरापत काढली. भाजीत मीठ दुप्पट टाकलं आणि म्हटलं, "तुम्हाला काय, काहीही चालतं!"

तो शांतपणे जेवत राहिला. "छान झालीय की."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "आरं लेकरा, ती भांडायलीय! भांड की जरा!"

मग तो पाण्याचा तांब्या जवळ ओढत म्हणाला, "खारट झालीय. पण तू मघापासून रागाचा सराव करायलीस. म्हटलं, मोडू कशाला?"

म्हणजे आमच्याकडं बिनभांडणाचंही लक्ष असतं. ताईंना हे सांगितलं नाही. उगीच त्यांना वाईट वाटायचं.

* * *

कादंबरीत म्हणे हॉटेलात एकच खोली शिल्लक असते. आमच्याकडं देवगाव फाट्यावर जीपमध्ये एकच सीट शिल्लक होती! एका लग्नाहून परतताना रेणुका आणि गजानन दोघंही फाट्यावर उभे. रेणुका पाय टाकणार, तेवढ्यात गजानन आत घुसून बसला. जीप गेली!

दुसऱ्या दिवशी ताईंनी कपाळावर हात मारला. "असला कसला हिरो? मिटा हे पुस्तक!"

योगायोग असा की त्या जीपमध्ये पुढं माझा नवरा बसला होता. तो घरी म्हणाला, "त्या सीटशेजारी एकजण पिऊन टुन्न होता. गजाननानं आधी वाकून बघितलं, मागून रिकामी जीप यायलीय का. मग चढला. तो गडी सेलूपर्यंत त्याच्या खांद्यावर घोरायलाता!"

मी हे रेणुकाच्या कानावर घातलं. ती "असं?" म्हणाली आणि एकाच ट्रॉलीत पुन्हा मीटर खुपसायला गेली.

शेतकरी वैतागला. "ताई, आत्ताच तर केलं की वो!"

* * *

मग रेणुकाला जिंतूरचं स्थळ आलं. रविवारी दुपारी बघायला येणार, पसंत पडली की तिथंच सुपारी फोडायची आणि नोकरी सोडायची, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं. तिनं हे डबा खाताना सांगितलं आणि डबा अर्धाच ठेवून उठली.

ताई माझ्याकडं वळून कुजबुजल्या, "गजाननाची मी सगळी चौकशी करून ठेवलीय. भावकी, पत्रिका, शेत, कशातच अडचण न्हाई. तिचे वडील न्हाई म्हणणार न्हाईत. पण कुणीतरी विचारावं तर लागंल ना!"

शनिवारी शेवटची ट्रॉली गेली, मशीन थांबली. मग गजाननानं घसा खाकरला.

"वहिनी, ग्रेडिंगला सांगा... जिंतूरच्या आधी आमच्या घरचे आले तर चालंल का, विचारा."

माझा पेन थांबला. रेणुका मान खाली घालूनच म्हणाली, "वहिनी, काट्याला सांगा..."

"मी न्हाई सांगत!" मी ओरडले. त्या ऑफिसात पहिल्यांदाच! शेठ केबिनमधून बाहेर आले, तरी मी थांबले नाही. "तुमचं तुमी बोला!"

रेणुका उठली. मीटर हातात घेऊन माझ्या टेबलापुढून सरळ काट्याकडं गेली.

"हात दाखवा."

गजाननानं तळहात पुढं केला. तिनं मीटरच्या सुया त्यावर हलकेच टेकवल्या आणि आकडा नीट बघितला.

"लय ओलावा हाय," ती म्हणाली. "वाळवून आणा. आन् सकाळीच आणा. जिंतूरचे दुपारी येणार हायत."