बेंचवर वेळेवर

कोलशेतच्या आमच्या कंपनीत प्रोजेक्ट संपला की माणसाला बेंचवर टाकतात. पगार चालू, काम बंद. नवं काम मिळालं नाही तर एके दिवशी एचआरकडून बोलावणं येतं आणि नोकरी जाते. माझा प्रोजेक्ट संपला, पण मी घरी काहीच सांगितलं नाही. कल्याणच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आई शेजारणींना माझ्या ऑफिसच्या गोष्टी सांगते.

म्हणून मी रोज वेळेवर जायचो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, सहा वाजल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. बेंचवरची बाकीची मंडळी जेवून निघून जायची. मी जवळ गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. यांना माझ्याबद्दल आतली काहीतरी बातमी लागली आहे, असं मला वाटायचं.

वेळ जावा म्हणून मी शब्दकोश वाचायचो. तो शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी दिलेला. नवा शब्द भेटला की त्याचं मूळ गाव विचारायचं, ही सवय त्यांचीच. मी इथवर आलो तोही त्यांच्यामुळे. बेंच म्हणजे बसायचा बाक, सुताराचं कामाचं टेबल, न्यायाधीशांचं आसन, राखीव खेळाडूंची जागा. बँकही त्याच कुळातली. इटलीतले सराफ म्हणे बाकावर पैसे मांडून बसत. आपला बाक पोर्तुगीजांकडून आला, तोही यांचाच भाऊबंद. शाळेत मला बाकावर उभं राहायची शिक्षा कधी झाली नव्हती. आता झाल्यासारखी वाटत होती, आणि कशाबद्दल ते कोणी सांगत नव्हतं.

एका दुपारी बेंचवरचाच एक जण, कळव्याचा, डबा घेऊन समोर बसला.

"खरं सांग, तुला एचआरने बसवलाय ना?"

"कशाला?"

"आम्ही किती वाजता निघतो ते बघायला. बेंचवर असून एवढ्या सकाळी कोण येतं रे? वर ते जाडं पुस्तक. तुझ्यासमोर आम्ही क्रिकेटशिवाय काही बोलत नाही."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याबद्दल काही कळलंय."

"तुझं नावपण धड माहीत नाही आम्हाला. मग येतोस कशाला?"

"घरी सांगितलेलं नाही."

तो हसला नाही. भेंडीची भाजी माझ्याकडे सरकवली. "मीपण नाही. माजिवड्याला मॉलमध्ये बसतो सहापर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारी बसू लागला. आता बाकीचे आम्हा दोघांसमोर क्रिकेटवरच बोलतात.

त्याच आठवड्यात मी आईला सगळं सांगून टाकलं.

"मग रोज जातोस कुठे?"

"ऑफिसात."

"काम नाही, आणि पगार देऊन नुसतं बसवतात?"

तिला ते पटलं नाही. मी अजून बेंचवरच आहे. सकाळी डबा हातात देताना ती तो लगेच सोडत नाही.

"नक्की ऑफिसातच ना?"