जिराफाएवढी साडी

आई गेल्यापासून तिची एक साडी मी न धुता ठेवली आहे. आज नांदेडच्या घरात कपाट उघडलं, तिचा वास आला आणि जळकोटजवळच्या शाळेत मी शिकवायचे तो पहिलीचा वर्ग आठवला.

अठरा फूट जिराफ म्हणजे केवढा, ते लेकरांना कळेना. मी म्हटलं, "उद्या कुणीतरी आईची साडी आणा." मुक्ताने आणली, हिरवी, विरलेली. पटांगणात सरळ अंथरली. एका टोकाला खूर, दुसऱ्या टोकाला शिंगं.

"बाई, उभा एवढा हाय?"

"हाव. आणि त्याचं पिल्लू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, आईमागं चालायला लागतं."

मुक्ता साडीच्या कडेकडेनं चालत राहिली.

साडी धुळीनं माखली, म्हणून मी ती घरी नेऊन धुतली, इस्त्री करून दिली. "बघ, कसा छान वास येतोय." तिची आई वारली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मुक्तानं घडीत नाक खुपसलं. आधी इकडून, मग तिकडून. मग साडी माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, ह्यातली आई कुठं हाय?"