रणगाड्याला हळदकुंकू

मंडळी, चार महिने माझं डोकं खाणारा रणगाडा आज एकदाचा पूर्ण झाला. प्लास्टिकचा, तळहाताएवढा. चाकांभोवतीच्या पट्ट्याचे नखाएवढे तुकडे चिकटवताना तीनदा तरी खिडकीतून फेकावासा वाटला.

फोटो काढला, पण पाठवायला कोणी सुचेना. रंग सुकायला ठेवून आंघोळीला गेलो.

येऊन बघतो तर हिरव्या रंगावर हळदकुंकवाची बोटं! मी ओरडलोच. स्वयंपाकाला येणाऱ्या, पावणे गावातल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "नवी गाडी हाय ना, दादा? मग अशीच ठेवाची?"

डाग काढायला थिनरची बाटली उघडली होती. परत बंद केली.

आई गेल्यापासून या घरात कुठल्याच नव्या वस्तूला कोणी हळदकुंकू लावलं नव्हतं. तुमच्याकडे कोण लावतं?