चार दिवसांसाठी आलेली लेक

जयवंताबाई घरातली माणसं कधी मोजत नसे. मोजलं की दृष्ट लागते, असं तिच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या, भीमपूरकडच्या एका मराठी गावात ती राहायची; तिथं कुणी विचारलं, "घरी किती जणं वं तुमी?" तर ती म्हणायची, "घर भरून हाओत बाप्पा." भाकरीचं पीठसुद्धा ती ओंजळीच्या अंदाजानं घ्यायची, आणि ते कधी कमी पडायचं नाही.

थोरली रेणुका दीड वर्षाच्या छबीला काखेत घेऊन गुडीहत्नूरच्या सासरहून आली, तेव्हा परातीत दोन ओंजळी वाढल्या, एवढंच. जावयानं दुसरी आणून बसवली होती. हे गावाला ठाऊक होतं. तरी विचारलं की जयवंताबाईचं उत्तर एकच असायचं, "चार दिवसासाठी आली." रेणुकाची पत्र्याची पेटी तिनं दारामागंच ठेवायला लावली होती. आत सरकवली असती तर काहीतरी कायमचं झालं असतं, असं तिला वाटे.

शेजारची विठाबाई हौदावर हसायची. "काऊन वं जयवंते, दोन दिवाळ्या झाल्या. तुझे चार दिवस कोणत्या पंचांगात हायेत?"

"तुह्या घरी येऊन राह्यली का जेवायला?" जयवंताबाई कळशी उचलून चालू लागायची. पण त्या दिवशी तिचा हात भाकरीवर नीट बसायचा नाही.

एक्क्याण्णव साली धाकटी सोना इंटर म्हणजे बारावी पास झाली. गावातून तिथवर पोचलेली पहिलीच पोरगी. तिला आदिलाबादला बी.एस्सी. करायचं होतं, आणि तेही होस्टेलात राहून, कारण रोजच्या बसचा भरवसा नव्हता. बाप उद्धवराव नाल्याकाठच्या दीड एकरात वांगी, मिरची, कोथिंबीर लावायचा. त्यात होस्टेलची फी बसत नव्हती. मात्र आदिलाबादच्या कापूस व्यापाऱ्यांचा एक ट्रस्ट होता. तो गरजू पोरींची कॉलेजची आणि होस्टेलची फी भरायचा. जयवंताबाई सोनाला घेऊन तिथं गेली.

ट्रस्टचे कारकून केशवराव. जाड चष्मा, बोलणं हळू. त्यांनी मंडल ऑफिसातून, म्हणजे तहसिलीतून, आणलेला आमदनीचा कागद पाहिला. वर्षाची आमदनी अकरा हजार चारशे.

"जमीन किती, घर कसं, ते आम्ही बघत नाही ताई. एका ताटाला वर्षाचे किती येतात, तेवढंच बघतो. दोन हजारांच्या आत पाहिजेत. घरात किती माणसं?"

 जयवंताबाई नजर खाली घालून म्हणाली, "मी, हिचे बाप, माही सासू अन् ही."

"म्हणजे चार. ताटाला अठ्ठावीसशे पन्नास होतात." केशवरावांनी पेन खाली ठेवलं. "आणखी कुणी जेवतं का घरात? आठवून सांगा."

सोनानं आईकडे पाहिलं. जयवंताबाईनं मान हलवली. नाही.

केशवरावांनी अर्ज परत दिला. "काही बदललं तर पंधरा दिवसांत या. पण नुसतं सांगून चालणार नाही. रेशनकार्डावर नाव पाहिजे, आणि महसूलच्या गिरदावरानं गावात येऊन दोन पंचांसमोर लिहून दिलं पाहिजे."

बसमध्ये सोना खिडकीबाहेर पाहत राहिली. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "ताईला नको सांगू, माय. मी शिवणकाम शिकतो."

पण सासू सोजरबाईला कमी ऐकू यायचं आणि म्हणून ती सगळं मोठ्यानं बोलायची. अंगणात रेणुका मिरचीच्या रोपांच्या जुड्या बांधत बसली होती. सोजरबाईनं काय झालं ते सुनेकडून खोदून खोदून काढलं आणि ओरडली, "मंग रेणुकीले काऊन नाही लिवलं? ते काय हवा खाते?"

रेणुकाचे हात थांबले. जुडी खाली ठेवून ती आईसमोर आली.

"मी तुह्या घरी जेवत नाही का, माय?"

"तसं नाही वं. तुहं नाव अजून तिकडच्या कार्डावर हाय. तिथून काढून इकडं लिवलं की परतीचा रस्ता बंद. उद्या त्याले अक्कल आली तं?"

"अन् सोनीचा रस्ता?"

 एकीचं दार उघडं ठेवायचं तर दुसरीचं लागत होतं, आणि दोघी जयवंताबाईच्याच पोटच्या. तीन दिवस तिनं काही ठरवलं नाही. चौथ्या दिवशी रेणुकानं छबीला सोजरबाईच्या मांडीवर दिलं, लुगडं बदललं आणि म्हणाली, "गुडीहत्नूरला चाल्ली मी. नाव काढल्याची चिठ्ठी रेशन दुकानातून आणा लागते. येतं का संगं?"

दोघी गेल्या. वाटेत जयवंताबाई मनातल्या मनात पुटपुटत होती, की दुकान बंद असो, रजिस्टर सापडू नये, काहीतरी आडवं येवो.

दुकान उघडं होतं. डीलरनं रेणुकाला ओळखलं आणि उगाच तराजू पुसायला घेतला. "चिठ्ठी कायची, अक्का? तुमचं नाव तर तवाच कट झालं."

"कवा?" जयवंताबाईनं विचारलं.

त्यानं रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. अक्षर तेलुगू. जयवंताबाईला ते येत नव्हतं, पण रेणुका सातवीपर्यंत तेलुगू शिकली होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं. नावावर आडवी लाल रेघ होती, तारीख दीड वर्षापूर्वीची. खालच्या ओळीत नवं नाव. रेणुकानं ते आवाज न बदलता वाचून दाखवलं.

"भागाबाई. वय बावीस. बायको."

"अन् छबी?"

रेणुकानं बोट वर-खाली फिरवलं. "छबीचं कधी लिवलंच नाही."

जयवंताबाई दुकानाच्या पायरीवर बसली. दीड वर्ष ती ज्या दाराची कडी धरून उभी होती, ते पलीकडून कधीच चिणलं गेलं होतं. तिला रडू येईल असं रेणुकाला वाटलं. पण ती उठली आणि डीलरला म्हणाली, "कट केल्याची चिठ्ठी दे, भाऊ. शिक्का मारून दे." घरी आल्यावर तिनं कुणाशी न बोलता पेटी दारामागून ओढली आणि आतल्या खोलीत फळीखाली नेऊन ठेवली.

कार्डावर नावं चढवायला मंडल ऑफिसात दोन खेपा पडल्या. गिरदावर आला तो तेराव्या दिवशी. अंगणात बाज टाकली. पंच म्हणून गावातले डोमाजी आणि विठाबाईचा नवरा भगवानराव बसले. विठाबाई कुडाला टेकून उभी होतीच. गिरदावरानं कागद काढला. "एंतमंदी, अम्मा? किती माणसं?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. जयवंताबाईनं पदर सारखा केला.

"सहा."

गिरदावरानं रेणुकाकडे पाहिलं. "आल्यागेल्या पाहुण्याचं नाव लिहिता येत नाही. राहणारा माणूसच पाहिजे."

"राहणारीच हाय. तिची लेकही." मग तो सोनाचं नाव आधी लिहितोय असं पाहून ती पुढं झाली. "साहेब, वयानं लिवा. आधी थोरली."

डोमाजीनं सही केली, भगवानरावांनी अंगठा दिला.  जाताना विठाबाई छबीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली.

केशवरावांनी दोनदा भागाकार केला. एकोणीसशे. जुलैत सोना होस्टेलात गेली.

आठ दिवसांनी हौदावर जयवंताबाईच्या मनात नवीच काळजी आली. "विठे, सोनी तं तिकडं गेली. आता घरी पाचच ताटं. कागद पुन्हा बदला लागंल का वं? फी बंद करतील का?"

विठाबाई कळशी घासत होती. "काऊन बदलंल? सुट्टीत येते ना पोट्टी?"

"येते ना. दसऱ्याले येते म्हणून चिठ्ठी आली."

"मंग सांग ना लोकायले," विठाबाई म्हणाली, "चार दिवसासाठी येते."

जयवंताबाईला आधी राग आला. मग ती इतकी हसली की कळशीतलं अर्धं पाणी सांडलं.