बिनचिकाची करवंदं

इथे आखातात, वादी अदाईत तळमजल्याचं घर घेतलं तेव्हा अंगणाभोवती नुसती तुटकी जाळी होती. मी तिच्या कडेने करवंदीची रोपं लावली. काटेरी कुंपण, त्यात पाखरांची घरटी आणि उन्हाळ्यात लोणच्याची बरणी, सगळं मला कोकणातल्यासारखं हवं होतं. दोन-तीन वर्षांत काटे भरपूर आले, बुलबुलही आले. शेजारच्या बकऱ्यांनी एकदा तोंड घातलं आणि नाद सोडला. करवंद मात्र औषधालाही नाही.

खरं कारण आई. बाबा गेल्यापासून ती दर हिवाळ्यात महिनाभर येते आणि गावच्या तुळशीला पाणी कोण घालणार म्हणत परत जाते. फळ धरलं तर लोणचं घालायला तरी थांबेल, असा माझा बेत.

यंदा ती बॅग भरायला बसली तरी झाडं ढिम्म. माझं डोकंच फिरलं. रुवीच्या बाजारातून हिरवी करवंदं आणली आणि आई दुपारची झोपल्यावर नवऱ्याला हाताशी धरून ती हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधली. काटे टोचलेली बोटं चोखत नवरा करवादला, "यल्ला, खलास कर आता! तुझी आई काय आंधळी आहे?"

आंधळी नव्हती. चहानंतर बाहेर आली, एक करवंद खुडलं, देठाकडे बघितलं. मग दुसरं खुडलं.

"ह्यांचा चीक कुठाय गो?"

ताजं करवंद खुडलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात. लहानपणापासून मला ठाऊक. नेमकं तेव्हाच विसरले.

"नवीन जात आहे," नवरा म्हणाला.

आईच्या बोटाला दोरा लागला आणि ती हसत सुटली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने पदराने डोळे पुसले.

"एवढे काटे टोचून घेतलेत. राहा म्हणून तोंडाने सांगायला काय झालं होतं? दर वेळी येण्याजाण्याचं तिकीट तूच काढतेस. मला वाटायचं, लेकीला महिनाभरच झेपतंय."

मला रडूच फुटलं. आईने जवळबिवळ घेतलं नाही, तो तिचा स्वभाव नव्हे. तिने परात मागितली. आम्ही तिघं दोरे सोडवत बसलो.

"लोणचं मुरायला किती दिवस लागतात?" नवऱ्याने विचारलं.

"लागतील तितके लागतील," आई म्हणाली. "तुम्ही आधी त्या परतीच्या तिकिटाचं बघा."