उकळलेलं पाणी

काल टाकी धुताना शेवाळाचा तोच कुबट वास आला आणि पिंपरी पेंढारचा एक उन्हाळा आठवला. आई गेल्यावर वडील तिथे एकटेच राहत, तळ्याचं हिरवं पाणी धोतराने गाळून, दोनदा उकळून पीत. मी सुट्टीला गेलो, तर त्यांनी तांब्या पुढे केला. "घ्या पावणं, उकळल्यालं हाय. कुणाकडं आलात?" थट्टा समजून मी म्हणालो, "तुमच्याकडंच." "बरं केलंत. हितं कुणी येत न्हाई. पोरगा पुण्याला असतो." पुढे डॉक्टर म्हणाले, शेवाळाचं विष उकळून जात नाही, ते मेंदूवरही परिणाम करू शकतं, पण हे पाण्यामुळे झालं की वयामुळे, सांगता येणार नाही. मलाही ते आजवर ठरवता आलेलं नाही. एवढंच खरं, की त्यानंतर त्या घरात मला कुणी नावाने हाक मारली नाही.