आ करून दाखवणारे गुरुजी

मी झनकलालजी पटले गुरुजींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते तोंड वासून उभे होते.

देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या जंगलातल्या एका गावी शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. मी सडक अर्जुनीची, हायवेच्या काठावर ट्रकांच्या आवाजात वाढलेली. बसमधून उतरून धुळीच्या पायांनीच शाळेत शिरले, तर पहिलीचा वर्ग जमिनीवर बसलेला आणि समोर पांढऱ्या सदऱ्यातले एक उंच गृहस्थ पडजीभ दिसेल एवढा आ करून उभे. पोरं एकेक करून उठत, त्यांच्या तोंडात डोकावत आणि जागेवर जाऊन बसत. मला वाटलं, मास्तरांची दाढ दुखत असेल. मी तसं विचारलंही. तोंड मिटून ते म्हणाले, "दाढ नाही दुखत, बाई. 'आ' शिकवून राहिलो."

त्या शाळेतल्या पोरांच्या घरी कुठे गोंडी, कुठे छत्तीसगढी. गुरुजी स्वतः आमगावकडचे, पोवार शेतकऱ्याच्या घरचे, म्हणजे त्यांचीही घरची बोली पोवारी. शाळेतली मराठी आपल्याला लहानपणी किती परकी वाटली होती, हे ते विसरले नव्हते. ज्या लेकराच्या कानाला भाषेची सवय नाही, त्याच्या डोळ्यांना ती दाखवावी, अशी त्यांची रीत होती. 'त' म्हणताना जीभ दातांना लागते, 'ट' म्हणताना वर टाळूला, हे ते तोंड उघडून दाखवत. एक मुलगी वर्गात कधी बोललीच नव्हती. गुरुजींनी तिचा हात आपल्या गालावर ठेवला आणि ओठ मिटून 'म' म्हणत राहिले. तळहाताला ती गुणगुण लागली तशी पोरगी हसली, आणि मग तिनेही तसाच आवाज काढला. आता ती स्वतःच्या लेकराला शाळेत सोडायला येते आणि फाटकाशी तासभर गप्पा हाणते.

माझी मराठी तेव्हा अर्धी हिंदी होती. तपासणीला आलेले एक साहेब वर्गासमोरच मला त्यावरून बोलले. मी मान खाली घालून उभी. गुरुजी शेजारच्या वर्गातून आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, बाईंची मराठी मिसळलेली आहे, नासलेली नाही." साहेबांनी चहा न घेताच गाडी काढली. त्या दिवसापासून मी गुरुजींना वडिलांच्या जागी मानत आले.

गौरव समितीने मला बजावलं आहे, "राऊतबाई, गुरुजींच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ आहे, लेख आनंदाचा द्या." द्यायला काय, दिला असता. पण ज्या तोंडाने त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या, ते आज एका बोटाहून जास्त उघडत नाही. ते झाकून गुरुजींवर लिहिणं मला जमणार नाही.

खर्ऱ्याचंही गौरवलेखात लिहायचं नसतं. मी लिहिते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा खर्रा आमच्या भागात पाण्याच्या तांब्यापाठोपाठ पाहुण्यासमोर येतो. पुढे केलेली पुडी नाकारली तर समोरच्याला वाटतं, हा आपल्याला परका समजला. गुरुजींनी वर्गात कधी खाल्ला नाही, पण कोणाचं मन मोडणं त्यांना जमत नसे. आधी तिखट झोंबायला लागलं, मग गालात पांढरा चट्टा आला, मग गाठ. नागपूरला गाल कापून शिवला. त्यानंतर किरणांचा शेक झाला.

तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी निक्षून सांगितलं होतं की दुखलं तरी रोज तोंड उघडत राहा, नाहीतर जबडा आखडून बसेल. गावाला हे पटेना. जखम बांधून ठेवायची असते, तिची उघडझाप करायची नसते, हे आमचं पिढ्यांचं शहाणपण. "टाके उसवतील, गुरुजी, तोंड नोका उघडू," असं जो येई तो सांगे. काकीजींना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, बायांनी दम भरला, "त्यायले बोलू नोका देऊ." आणि मग घराघरांतून पेज यायला लागली. आमचा हा धानाचा मुलूख, आजाऱ्याला तांदळाची पातळ पेज हेच पहिलं औषध. आज या आळीची पाळी, उद्या त्या आळीची. काय ती माया! चावायला नको, बोलायला नको, गिलास ओठांना लावला की झालं. गावाने गुरुजींना असं घोटाघोटाने जपलं, आणि तेवढ्यात आतून जबडा घट्ट होत गेला.

मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी रायपूरला होते. परतल्यावर भेटायला गेले, तर गुरुजी हसले आणि ओठांमागे दात तसेच मिटलेले. काय झालंय ते कळल्यावर माझा तोल गेला. पेज घेऊन आलेल्या म्हातारीवर मी ओरडले, "पाजून पाजून मारता का माणसाला?" ती पेजेचा गंज खाली ठेवून म्हणाली, "आमाले का मालूम, बाई? आमी त जीव लावला." मी तिच्याच शेजारी बसून रडले.

मग काड्या सुरू झाल्या. कुल्फीच्या काडीसारख्या चपट्या, लाकडी. गरम पाण्याच्या फडक्याने गाल शेकायचा, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये काड्यांची थप्पी सरकवायची, आणि जमेल तेव्हा मध्ये आणखी एक घालायची. लिहायला सोपं आहे. नवी काडी आत जाताना गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी गळे, आणि काकीजी तोंड फिरवून उभ्या राहत. महिनाभर खपून काडीभर वाढवावं, आणि चार दिवस ताप आला की तोंड पुन्हा होतं तिथे. जांभई आली तरी कळ जाते. दात घासायला लहान लेकराचा ब्रश. भात कालवून, चुरून, बोटाने आत ढकलायचा, तोही भिंतीकडे तोंड करून, कारण बाजूने ओघळतो. लग्नाच्या पंगतीला ते जात नाहीत. घरापुढच्या छपरीत संध्याकाळी शेजारची पोरं वाचायला येत. एकदा त्यातली एक पोरगी आपल्या भावाला म्हणाली, "गुरुजी का बोलून राहिले, समजतच नाही." तिने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पोरांना घरी पाठवलं, आणि तेव्हापासून छपरी रिकामी आहे.

या ग्रंथाची बातमी द्यायला समितीचे लोक त्यांच्याकडे गेले, तेव्हा मीही सोबत होते. आनंदाच्या बातमीचा पेढा आपण हातावर ठेवत नाही, भरवतो. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत अध्यक्षांनी मोठ्या प्रेमाने पेढा त्यांच्या ओठांशी नेलाही. गुरुजींनी मान मागे घेतली नाही. पेढा दातांवर दाबला गेला, चुरला आणि सदऱ्यावर सांडला. गुरुजींनी तो चुरा बोटांनी वेचून तळहातावर घेतला आणि उलट अध्यक्षांचीच माफी मागितली. म्हणाले, "आता मावत नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तरी सोसलं असतं. गेल्या खेपेला नागपूरच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहायचा प्रयत्न केला, गाल ओढून पाहिला, आणि टॉर्च ठेवून दिला. "मागचं काही दिसत नाही. मशीनच्या फोटोत थोडं कळतं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला खात्री देता येत नाही. आजार परतलाय की नाही, कसं सांगू? पुढच्या तारखेपर्यंत थोडं तरी उघडून आणा." मी सोबत होते. परतीच्या वाटेवर गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले. आणि घरी आल्यावर त्यांनी काड्या सोडून दिल्या.

काकीजींचा फोन आला तशी मी धावत गेले. काड्या फडताळात, फडकं वाळत. मी रागावले, ते माझं नेहमीचंच. "काऊन सोडलं, गुरुजी? आताच तर गरज आहे. दुखतं का फार?"

"दुखते त पहिलेपासूनच." एकेक शब्द दातांच्या फटीतून सुटा करून ते बोलत होते. "उघडलं त पाहतील, बाई. पाहिलं त सापडेल."

आजवर मी दुखण्याशी भांडत होते, गावाशी भांडत होते. खरा अडसर जबड्याच्याही मागे होता, आणि तिथे कोणाची काडी पोचत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण हरलो.

हा लेख छापायला देण्याआधी मी गुरुजींना वाचून दाखवला. खर्ऱ्याचा मजकूर गाळू का म्हणून विचारलं, तर त्यांनी हातानेच 'राहू द्या' म्हटलं. म्हातारीच्या बोलण्यावर त्यांनी डोळे पुसले. शेवटी मी रिवाजाप्रमाणे लिहिलं होतं की त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"हे खोडा."

"मग काय लिहू?"

काकीजी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग गुरुजी म्हणाले, "लिहा, का मास्तर भेते."

लिहिलं, गुरुजी. मास्तर घाबरतात. काकीजी घाबरतात, मीही घाबरते. नागपूरची तारीख जवळ येऊन राहिली आहे. तोंड जेवढं उघडेल तेवढंच घेऊन जाऊ, गाडीत मी तुमच्या शेजारी बसेन. दीर्घायुष्याचं ते वाक्य मात्र मी खोडलेलं नाही, पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही. तुम्ही पुष्कळ जगायला पाहिजे, गुरुजी. धडधाकट नाही जमलं तर असेच, घाबरत घाबरत, पण जगायला पाहिजे.